घरचा कॉम्प्युटर मंदावला तर: कारण शोधणं, सुरक्षित साफसफाई आणि वेग वाढवणं

कॉम्प्युटर हळू चालायला लागला की बहुतेक जण आधी एखादा फुकटचा ‘पीसी क्लीनर’ डाउनलोड करतात. चूक तिथूनच सुरू होते. मशीन मंदावण्याची खरी कारणं मोजकीच आहेत: चालू होताच मागे लोड होणारे नको ते प्रोग्रॅम, काठोकाठ भरलेली किंवा मरायला टेकलेली डिस्क, अपुरी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), गुपचूप शिरलेला मालवेअर (त्रासदायक किंवा घातक प्रोग्रॅम) आणि धुळीमुळे चढलेलं तापमान. प्रत्येकाचा उपाय वेगळा. हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) धूळ कोंबलेली असताना टेम्पररी फाइल्स पुसून काही होत नाही. चार जीबी रॅमवर तीस टॅब उघडे ठेवले असतील तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलूनही काही होत नाही. म्हणून आधी निदान, मग उपाय, आणि एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम केल्या आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं हे कळायला मार्ग उरत नाही.

खालच्या सगळ्या पायऱ्या विंडोज ११ धरून आहेत. विंडोज १० मध्ये मेनू थोडे इकडेतिकडे असले तरी मुद्दे तेच. मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. मुदतवाढीच्या सिक्युरिटी अपडेट्ससाठी नोंदणी केलेली नसेल, तर वेगाची काळजी नंतर करा. आधी मशीन विंडोज ११ चालवू शकतं का ते बघा.

हात लावण्याआधी

फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइल्स एका बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फाइल्स प्रत्यक्ष उघडून बघा आणि ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. फाइल्स वनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर सिंक होतात म्हणून हे काम टाळू नका. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: इकडे पुसलेली फाइल तिकडूनही जाते, आणि तिकडच्या कचरापेटीत ती ठराविक दिवसच राहते.

दुसरं काम रिस्टोअर पॉइंटचं. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिस्टोअर पॉइंट’ असं इंग्रजीत टाइप केलं की ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ दिसतं. उघडणाऱ्या खिडकीत सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ लिहिलेलं असेल तर ‘कॉन्फिगर’ दाबून प्रोटेक्शन सुरू करा, जागेची मर्यादा पाच टक्क्यांच्या आसपास ठेवा, मग ‘क्रिएट’ दाबा. यातून सिस्टिम फाइल्स, ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि सेटिंग्ज मागे नेता येतात. तुमचे पुसलेले फोटो यातून परत येत नाहीत, हे लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद होते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसलं, तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट केला किंवा मदरबोर्ड बदलला की सुरू होतानाच ही की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर डिस्कवरचं काहीच उघडत नाही. दुकानदाराला नाही, कंपनीलाही नाही.

निदान

सुरुवात ‘रीस्टार्ट’ने करा. ‘शट डाउन’ने नाही. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बहुधा चालू असतं. त्यामुळे शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा उचलला जातो. पडताळायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा आणि खाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद होणारं मशीनसुद्धा तिथे बारा-पंधरा दिवस सलग चालू दिसतं. बऱ्याच तक्रारी एका रीस्टार्टमध्येच मिटतात.

रीस्टार्टनंतर दहा मिनिटं काही उघडू नका. या वेळात विंडोज अपडेट तपासतं, फाइल्सची अनुक्रमणिका बनवतं, अँटिव्हायरसही काम करतो. त्यानंतर टास्क मॅनेजरच्या ‘प्रोसेसेस’ पानावर सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन स्तंभ बघा. शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

डिस्क १०० टक्के दाखवते आणि प्रत्यक्ष वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, असं दिसलं तर मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असण्याची दाट शक्यता आहे. ‘परफॉर्मन्स’ पानावर डिस्कच्या नावाखालीच ती एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवरची वेगवान डिस्क) ते लिहिलेलं असतं. तिथलाच ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ हा आकडा फार बोलका. एसएसडीवर तो बहुतेक वेळ एक-दोन मिलिसेकंद राहतो, हार्ड डिस्कवर दहा-वीस. काहीही विशेष काम चालू नसताना तो सतत शेकड्यांत असेल, तर डिस्क आजारी असू शकते.

मेमरी ५० ते ६० टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरू नका. मोकळी रॅम विंडोज मुद्दाम कॅशसाठी (पुन्हा लागणारा डेटा हाताशी ठेवायला) वापरतं आणि गरज पडली की लगेच सोडतं. नेहमीचे दोन-तीन प्रोग्रॅम उघडताच ती ८५-९० टक्क्यांवर जाऊन तिथेच चिकटत असेल, तर रॅम खरोखर कमी पडते आहे.

सीपीयूच्या पानावर ‘बेस स्पीड’ आणि चालू ‘स्पीड’ असे दोन आकडे असतात. कामाचा भार असताना चालू वेग बेसपेक्षा बराच खाली अडकला असेल, तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. लॅपटॉपमध्ये याचं आणखी एक कारण असतं: कमी वॉटचा चार्जर. ६५ वॉट लागणाऱ्या लॅपटॉपला ४५ वॉटचा लावला की चार्जिंग होतं, पण काही मॉडेल प्रोसेसरचा वेग गुपचूप पाडतात.

एक गोष्ट आढळली तर बाकी सगळं थांबवा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतोय, फोल्डर उघडताना मशीन मिनिटभर गोठतंय किंवा क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या टूलमध्ये निळ्या ‘गुड’ऐवजी पिवळा ‘कॉशन’ दिसतोय, तर आधी डेटा बाहेर काढा. अशा डिस्कवर डिफ्रॅग (फाइल्सचे विखुरलेले तुकडे जुळवणं) किंवा पूर्ण पृष्ठभागाची तपासणी चालवणं म्हणजे तिच्याकडून तासन्‌तास मेहनत करून घेणं, आणि नेमक्या त्याच मेहनतीत ती कायमची बसते.

स्टार्टअपची झाडाझडती

टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’ पान उघडा आणि ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’वर क्लिक करून ‘हाय’वाले वर आणा. चॅट, मीटिंग, गाणी, गेमचे लाँचर, प्रिंटरचे मदतनीस, निरनिराळे अपडेटर हे सगळे राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करायला हरकत नाही. यात प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपणहून सुरू व्हायचा थांबतो. विंडोज सिक्युरिटी, टचपॅड, ऑडिओ आणि ग्राफिक्सच्या नावाच्या नोंदींना हात लावू नका. वनड्राइव्ह बंद केलंत तर ते स्वतः उघडेपर्यंत सिंक थांबेल, एवढं ध्यानात ठेवा. नाव ओळखीचं नसेल तर राइट क्लिकमधून ते ऑनलाइन शोधता येतं. कळल्याशिवाय बंद करू नका.

मग सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडून यादी आकारानुसार लावा आणि वापरात नसलेलं अनइन्स्टॉल करा. नव्या लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस मुदत संपून पडून असेल तर तो इथूनच काढा. तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. दोन अँटिव्हायरस एकत्र कधीच ठेवू नयेत: एकाने उघडलेली प्रत्येक फाइल दुसराही तपासतो आणि सगळंच रांगेत अडकतं.

‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवा, मशीन दुप्पट पळेल, हा सल्ला अनेक व्हिडिओंत दिसतो. तो धादांत खोटा आहे. त्या चौकोनात खूण नसली की विंडोज सगळे कोर (प्रोसेसरमधली स्वतंत्र काम करणारी केंद्रं) वापरतंच. ती सोय चाचणीसाठी कोर कमी करायला दिलेली आहे.

डिस्कवरची जागा

सी ड्राइव्हवर निदान १५ ते २० टक्के जागा मोकळी राहू द्या; २५६ जीबीच्या डिस्कवर साधारण ४० ते ५० जीबी. एसएसडी लिहिताना आधी रिकामे ब्लॉक शोधते. ते संपत आले की जुना डेटा हलवून जागा करण्यात तिचा वेळ जातो आणि लिहिण्याचा वेग कोसळतो. शिवाय मोठ्या अपडेटला आणि रॅम कमी पडल्यावर तिच्याऐवजी डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या पेज फाइललाही जागा हवीच असते.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, ‘टेम्पररी फाइल्स’ असं जा. यादी येईपर्यंत थोडा वेळ लागतो. इथे एक सापळा आहे: याच यादीत ‘डाउनलोड्स’ फोल्डरही असतो. बँकेच्या पावत्यांपासून अर्जांपर्यंत सगळं तिथेच पडलेलं असतं, आणि सगळ्या चौकोनांवर सरसकट खुणा करत गेलात तर तेही साफ होतं. त्यावर खूण नाही याची खात्री करा. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ बऱ्याचदा २० जीबीपर्यंत जागा अडवून बसतं. ते काढलं की आधीच्या व्हर्जनवर परत जाता येत नाही, म्हणून नवं व्हर्जन नीट चालतंय हे पाहूनच काढा. नाहीतरी साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून काढतं. ‘विंडोज अपडेट क्लीनअप’, ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स’ बिनधास्त जाऊ द्या. ‘थंबनेल्स’ आणि ‘डायरेक्टएक्स शेडर कॅश’ पुसून विशेष फायदा नाही. ते पुन्हा तयार होतात आणि तोवर फोटोंचे फोल्डर आणि गेम उलट अडखळतात.

विंडोज फोल्डरच्या आत शिरून हाताने काहीही पुसू नका. ‘विनएसएक्सएस’ अवाढव्य दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच फाइल्स दोनदा मोजल्या जातात. ‘इन्स्टॉलर’ फोल्डर रिकामा केलात तर पुढे कित्येक प्रोग्रॅम ना अपडेट होतात, ना अनइन्स्टॉल. ‘प्रीफेच’ पुसण्याचा सल्ला जुना आणि उलटा आहे: तो फोल्डर प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणूनच असतो.

डिफ्रॅगचं थोडक्यात. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडा, एसएसडीसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय आणि आठवड्याचं वेळापत्रक चालू आहे एवढं बघून बंद करा. हार्ड डिस्क असेल तर विंडोज तिचे तुकडे जुळवतं. एसएसडीला मात्र मुख्यतः ट्रिमची, म्हणजे कोणते ब्लॉक आता नको आहेत ते कळवणारी, सूचना पाठवतं. बाहेरचा डिफ्रॅगर एसएसडीवर चालवला तर विनाकारण लिखाण वाढतं आणि आयुष्य कमी होतं, वेग तेवढाच.

ब्राउजर आणि मालवेअर

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ असे फलक उजव्या कोपऱ्यात सारखे येत असतील, तर बहुतेक वेळा मशीनमध्ये व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं आणि ती साइट नोटिफिकेशन पाठवत असते. ब्राउजरच्या सेटिंग्जमध्ये साइट परवानग्यांखाली नोटिफिकेशन्सची यादी उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. त्याच ओघात एक्स्टेन्शन्सची (ब्राउजरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची) यादी बघा. कूपन, पीडीएफ कन्व्हर्टर, शोधपट्टी बदलणारे जे आठवत नाहीत ते काढा. प्रत्येक एक्स्टेन्शन रॅम खातं आणि बरीचशी तुमचं प्रत्येक पान वाचू शकतात. क्रोम आणि एज दोन्हींत न वापरलेले टॅब झोपवण्याची सोय आहे, ती चालू करा. कॅश पुसताना ‘पासवर्ड्स’वर खूण नाही ना, हे बघा.

पूर्ण तपासणीसाठी विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’, ‘फुल स्कॅन’. काही सापडलं आणि काढूनही परत येतंय, तर त्याच यादीतला ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन रीस्टार्ट होतं, विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते आणि पंधराएक मिनिटांत संपते. उघडी कामं आधी सेव्ह करा. पडद्यावर फोन नंबर दाखवून ‘मायक्रोसॉफ्टला फोन करा’ म्हणणारा कोणताही फलक फसवणुकीचाच असतो. मायक्रोसॉफ्टच्या चुकांच्या संदेशात फोन नंबर नसतो.

रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर आणि ड्रायव्हर अपडेटर या तिन्हींपासून लांब राहा. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची वही, तीत लाखो नोंदी असतात. त्यातल्या हजारभर निरुपयोगी काढून वेग वाढत नाही, एक कामाची गेली तर मात्र प्रोग्रॅम उघडत नाही. मायक्रोसॉफ्ट अशा साधनांना पाठिंबा देत नाही. रॅम बूस्टर चालू प्रोग्रॅमचा डेटा रॅममधून डिस्कवर ढकलतो. आकडा छान दिसतो, आणि पुढच्या क्लिकला तोच डेटा डिस्कवरून परत आणावा लागतो.

विंडोजच गडबडलं असेल, म्हणजे मेनू उघडत नसतील किंवा अपडेट पुन:पुन्हा अडत असेल, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये ‘फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट’ हा पर्याय आहे. तो विंडोजची ताजी प्रत वरून बसवतो; फाइल्स, ॲप्स आणि सेटिंग्ज जागच्या जागी राहतात.

धूळ

तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो पुरतं. डेस्कटॉपचा प्रोसेसर नुसता बसलेला असताना ३५ ते ५० अंश सेल्सिअस आणि जोरात काम करताना ८०-८५ पर्यंत चालतो. लॅपटॉप यापेक्षा तापतात. ९५ ते १०० च्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात. काही न करता पंखा घोंघावत असेल आणि आकडा सत्तरीत असेल, तर उघडायची वेळ झाली.

लागणारं सामान: दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर (लॅपटॉपला शून्य नंबरचा), मऊ ब्रश, हवेचा कॅन किंवा इलेक्ट्रिक ब्लोअर, मायक्रोफायबर कापड, ९० टक्क्यांहून वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल.

मशीन शट डाउन करा, मागचं स्विच बंद करा, वायर काढा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. मागच्या वायरींचा फोटो काढा. बाजूचं पॅनेल काढून केसच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्टॅटिक उतरते. पंख्याचं पातं बोटाने किंवा पेन्सिलीने धरूनच हवा मारा. मोकळा सोडला तर तो हवेने नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरतो, बेअरिंग जातं आणि फिरताना तयार झालेली वीज बोर्डात उलटी शिरू शकते. कॅन उभा धरा, १५ सेंटिमीटर लांबून, एक-दोन सेकंदांचे झोत. आडवा केला की आतला द्रव गारठून बाहेर पडतो. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको: त्याच्या नळीवर स्टॅटिक साचते. पॉवर सप्लायला जाळीतून बाहेरूनच हवा मारा. त्याचं खोकं उघडायचं नाही, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत (वीज साठवणाऱ्या भागांत) विजेचा धोकादायक दाब राहतो.

लॅपटॉपचं खालचं झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, चार्जर लावू नका, ती टोचू किंवा दाबू नका, आणि जाणकाराकडे द्या. लॅपटॉपमध्ये धूळ पसरलेली नसते. पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पातळ पट्ट्यांना टेकून तिची नमद्यासारखी एक घट्ट पट्टी बनते, आणि ती बाहेरून दिसत नाही. बाहेरच्या जाळीतून आत हवा मारली की ती थोडी सरकते आणि पंख्यात अडकते. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचलला, तर ती पट्टी चिमट्याने अखंड निघते. त्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

साफ करूनही तापमान उतरलं नाही आणि मशीन चार-पाच वर्षांचं असेल, तर थर्मल पेस्ट बदला. जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब ठेवा, कूलर सरळ दाबून तिरप्या जोडीने थोडे थोडे स्क्रू आवळा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्या मशीनमध्ये काळजी हवी: वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत काढा.

जोडल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा रॅमची पट्टी सैल झालेली असते. काढून दोन्ही टोकांवर ‘खट’ आवाज येईपर्यंत दाबा. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डात लावलेली असणं.

भाग बदलणं आणि शेवटचा उपाय

विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल, तर वर सांगितलेल्या सगळ्या उपायांपेक्षा साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) जास्त फरक पाडेल. हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १००-२०० एमबी देते, साटा एसएसडी ५५० पर्यंत. खरी तफावत विखुरलेल्या छोट्या फाइल्सना येते, आणि विंडोजचं बहुतेक काम तसंच असतं. रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग आणि किती स्लॉट भरलेत ते बघा. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळ्या ठिकाणी असते. चार स्लॉटच्या बोर्डात दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात लावतात. बोर्डाची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर तिचं ऐका.

तरीही सुधारलं नाही तर रिकव्हरीतला ‘रीसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी तुम्ही बसवलेले प्रोग्रॅम जातात, म्हणून त्यांची यादी आणि लायसन्स की आधी लिहून घ्या. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ निवडल्यास चार जीबीच्या आसपास डेटा लागतो. विंडोजच्या फाइल्स बिघडल्याचा संशय असेल तेव्हा तोच निवडावा. चार्जर लावलेला ठेवा आणि टक्केवारी अर्धा तास एकाच आकड्यावर अडकली तरी पॉवर बटण दाबू नका. जुन्या हार्ड डिस्कवर या कामाला काही तास सहज लागतात.